उपाशी शेला

एका राज्यात थंडी मुक्कामाला होती. कार्तिक सरला की ती डोंगरावरून उतरे, वेशीतून आत शिरे आणि फाल्गुन लागेपर्यंत हलायचं नाव घेत नसे. गायीच्या नाकातली वाफ गोठून खाली पडे आणि बायका सकाळी ती शेणाबरोबर झाडून काढत. विहिरीत सोडलेली कळशी वर यायला नाखूश असे. अशा मुलखात माणसानं काय करावं? अंगभर घालावं, कान झाकावेत, पाय झाकावेत. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण राजाला कळत नव्हतं, आणि राजाला जे कळत नाही ते दरबाराला कळून चालत नाही. म्हणून ही कथा सांगावी लागते, नाहीतर मला काय हौस होती?

राजाचं नाव रणकेतू. रण त्यानं चित्रातही पाहिलं नव्हतं, पण आरसा पाहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या दरबारी एके दिवशी मांत्रिक आला, नाव तुहिनाक्ष. त्याच्यामागे नऊ खेचरं, खेचरांवर नऊ पेट्या. पेटी उघडली तर आत शेले. कसे शेले? गवतावर गोठलेलं दव विणावं तसे. पांढरे, झगमगते, मुठीत मावतील इतके तलम. राणीनं पाहिले आणि "अगबाई!" म्हणाली. राजानं पाहिले आणि सिंहासनावरून उठला.

"मोल सांग," राजा म्हणाला.

"सोनं नको, महाराज. आपल्या नगरात जेवढं जाडंभरडं आहे, वाकळा, घोंगड्या, शाली, बंड्या, कानटोप्या, तेवढं द्यावं. आपल्याला तरी ते कशाला हवं?"

"ने," राजा म्हणाला.

पाहिलंत? एका शब्दात! कुणी नातीसाठी शिवलेली दुलई, कुणी वर्षभर खपून विणलेली घोंगडी, बाळंतिणीच्या डोक्याचा रुमाल, सगळं एका शब्दात गेलं. ज्यांच्या अंगावरून गेलं त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. वर लागलीच दवंडी पिटली. नगरातल्या प्रत्येकानं हिमशेला ल्यावा. शेल्यावर दुसरं काही घालू नये. जो उबेचं वस्त्र अंगावर घेईल तो गावंढळ, आणि गावंढळानं वेशीबाहेर राहावं.

मग काय दरबार भरू लागला म्हणता! सरदारांचे दात वाजत, ते ऐकू येऊ नयेत म्हणून चौघडा दुप्पट जोरानं बडवायचा. प्रधानाचं नाक निळं पडलं तर भाट उठून म्हणाला, काय नीलमण्याची झाक आली आहे! खुद्द राजाला आपली पायाची बोटं आहेत की गेली हे कळत नव्हतं, पण तो कशाला बोलतोय? जळली मेली ती शोभा.

आणि शेल्याचा खरा गुण तर पुढेच होता. एकदा खांद्यावर घेतला की तो उतरत नसे. गाठ सुटत नसे, कात्री चालत नसे. पहिल्या हिवाळ्यात अंग गार पडे, दुसऱ्यात पावलं बर्फाची होत, मग गुडघे, मग कंबर. सूर्य उत्तरेकडे वळतो त्या दिवशी ज्याचं काळीज गोठलं तो उभ्याचा पुतळा. राजा शेगडीपाशी बसे म्हणून त्याची नुसती बोटं गेली. दासी आणि चोपदार दारात उभे राहत, म्हणून आधी ते गेले. असे सतरा पुतळे झाले. तेव्हा राजानं काय केलं? वैद्य बोलावला? मांत्रिकाची मानगूट धरली? छे! त्यानं ते पुतळे बागेत कारंज्याच्या दोन्ही बाजूंना मांडले आणि म्हणाला, "काय शोभा आली!" त्यातला एक चोपदार शिंकायला म्हणून तोंड उघडून होता, तो तसाच राहिला होता.

त्याच राज्यात वेशीबाहेर गोजरा नावाची बाई राहत असे. वाकळा शिवणं हा तिचा धंदा. फाटकी लुगडी, विटकी धोतरं आणायची, थरावर थर घालायचे आणि काठापासून मध्यापर्यंत बारीक धावदोरा घालत जायचं. तिच्या आईनं तिला एक रीत घालून दिली होती. वाकळेचं शेवटचं तोंड शिवून बंद करण्याआधी तिच्या पोटात भाकरीचा तुकडा घालायचा. "तिला उपाशी ठेवू नये गं," आई म्हणायची. "जन्मभर दुसऱ्याला ऊब द्यायची तिनं. तिच्या पोटात आधी काहीतरी नको का?" म्हणून गोजराच्या प्रत्येक वाकळेला एका जागी हाताला लागेल असा उंचवटा असे. लोक झोपताना त्यावर हात ठेवत.

गोजराची धाकटी बहीण शेवंता. ती राणीची दासी होती. आईमागे गोजरानंच तिला वाढवलं होतं. शेवंताला नटायची हौस. केसात फूल हवं, चोळी अंगाला नीट बसायला हवी, काठ समोर दिसायला हवा. यात वाईट काय आहे, सांगा बरं? तरणी पोर नटणार नाही तर काय मी नटणार? पण गोजराचं डोकं तापट. तीन हिवाळ्यांपूर्वी तिनं शेवंतासाठी वाकळेची जाडजूड बंडी शिवली. शेवंतानं ती घातली, तळ्यात वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"आक्का, यात मी गाठोडं दिसते."

"दिसतेस तर दिस. जीव तर राहील."

"मला दोन्ही हवंय, आक्का. ऊबही हवी आणि रूपही हवं."

"दोन्ही कुणाला मिळत नसतं. नटायचंच असेल तर जा, गारठून मर!"

बोलू नये ते बोलून गेली. शेवंता त्याच पावली वेशीतून आत गेली आणि राणीनं दिलेला हिमशेला तिनं खांद्यावर घेतला. तीन वर्षं बहिणी बोलल्या नाहीत. गोजरा रोज ते वाक्य गिळायला बघे आणि ते रोज घशात अडके.

तळ्याच्या काठी एक खंड्या असे. त्या राज्यात खंड्ये बोलत. एका सकाळी तो गोजराच्या अंगणात उतरला.

"शिवत काय बसलीस? तुझी बहीण कमरेपर्यंत बर्फ झाली. सात दिवसांनी सूर्य वळेल."

गोजराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली सुई पदराला खोचून ती तडक राजवाड्याकडे निघाली. पहारेकऱ्यांनी भाले आडवे घातले. तिनं नुसतं पाहिलं आणि त्यांनी ते बाजूला घेतले. थंडीनं त्यांची बोटं तशीही मिटत नव्हती.

दरबारात राणीच्या मागे शेवंता चवरी धरून उभी होती. कमरेवरचं अंगही गारठून ताठ झालं होतं, फक्त डोळे हलत होते. बहिणीला पाहताच त्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावर गोठलं.

"महाराज, माझी बहीण मरते आहे," गोजरा म्हणाली.

"मरते? किती सुरेख उभी आहे! दोन महिने जागची हललीसुद्धा नाही."

"हलेल कशी? पाय बर्फाचे झालेत तिचे. मला तिच्या अंगावर उबेचं काही घालू द्या."

"हिमशेल्यावर वाकळ? माझ्या दरबारात?"

दरबार हसला. हसण्यापेक्षा दातच जास्त वाजले.

"लाज वाटत नाही?" गोजरा ओरडली. "सतरा माणसं गोठवून बागेत मांडलीत, त्याचं काही नाही, आणि माझ्या वाकळेचं हसू येतं?"

चौघडेवाल्यांचे हात थांबले. त्या शांततेत एकच आवाज राहिला, आणि तो राजाच्या दातांचा होता. राजा वरमला. पण राजे वरमले की चूक कबूल करत नाहीत, अटी घालतात.

"तीन अटी," तो म्हणाला. "वस्त्र फुलासारखं हलकं हवं. अंगाला बसतं हवं, गाठोडं नको. आणि हिमशेल्याहून देखणं हवं. आणलंस तर शेल्यावर घालू देईन. नाही आणलंस तर बागेत अठरावा पुतळा."

"आणते," गोजरा म्हणाली.

आणते म्हणाली खरी, पण आणणार कुठून हे तिला कुठं ठाऊक होतं? घरी येऊन तिनं तीन भाकरी फडक्यात बांधल्या आणि तळ्यावर गेली. खंड्या बुडी मारून वर आला होता आणि फांदीवर पाणी झाडत होता.

"खंड्या, तू एवढा निळाभोर, एवढा नटवा, आणि गोठत्या पाण्यात बुड्या मारतोस. तू कसा गारठत नाहीस?"

"आज विचारतेस? एवढी वर्षं शेजारी राहून? आणि म्हणे शिवणारीण!" खंड्यानं पंख फुलवला. "बघ. अंगालगत हा कापूस, हलका. त्यावर ही दाट बारीक पिसं, ऊब धरून ठेवणारी. आणि वर हा झगा, वारा-पाणी अडवतो, आणि रूपाचं म्हणशील तर ते तुझ्या समोरच आहे. तुम्ही माणसं एकच ओझं अंगावर लादता आणि मग रडता की गाठोडं झालं. तीन पातळ थर घाल, बाई, तीन!"

गोजरा एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हती, पण हे तिला पटलं.

"आतला थर कुठं मिळेल?"

"काटेसावरीकडे."

"मधला?"

"हाकलून दिलेल्या एडक्याकडे."

"आणि वरचा?"

"तुहिनाक्षाच्या गुहेत. तिथं मी येणार नाही. माझी पिसं मला प्रिय आहेत."

पहिल्या दिवशी गोजरा काटेसावरीपाशी पोचली. ती सावर बाराही महिने बोंडं धरी आणि कुणाला देत नसे. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोटाएवढे काटे.

"कापूस दे, सावरमाय," गोजरा म्हणाली.

"का म्हणून? माझी उशी डोक्याखाली घेऊन झोपले आणि उठून मला कुरूप म्हणाले. आता येतात कुऱ्हाडी घेऊन. हवा असेल तर वर चढ. माझा एक काटा मोडला तर खाली फेकीन."

गोजरानं पदर खोचला. धाग्याधाग्यामधून सुई काढावी तशी ती काट्याकाट्यामधून हात काढत, पाय काढत दिवसभर चढत राहिली. तळहात सोलले, पोटऱ्यांतून रक्त आलं, पण काटा एकही मोडला नाही. ती शेंड्याला पोचली तशी सगळी बोंडं एकदम उकलली आणि तिची ओटी कापसानं भरली. सगळ्या कापसाचं वजन मूठभर तांदळाएवढंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती डोंगराच्या माथ्यावर गेली. तिथं एक एडका राज्याकडे पाठ करून बसला होता. तीन वर्षं तो तसाच बसला होता.

"एडकेमामा, लोकर हवी होती."

"वास येतो म्हणाले मला," एडका म्हणाला. तो वळला नाही. "भर दरबारात. नाकाला रुमाल लावून. ज्याच्या पणज्याला माझ्या पणज्यानं उबेत वाढवलं, तो मला म्हणाला, वास येतो!"

"मलाही गावंढळ म्हणाले."

एडक्यानं मान जराशी वळवली. "मग असं कर. सूर्य मावळेपर्यंत त्या राजाला नावं ठेव. पण एकदा ठेवलेलं नाव दुसऱ्यांदा यायला नको. आलं तर लोकर नाही."

हे काम अवघड म्हणून दिलं होतं. गोजराला ते बिलकूल अवघड गेलं नाही. तिनं राजाच्या मुकुटापासून सुरुवात केली. एडका ऐकत गेला, मधूनमधून "वा!" म्हणत गेला, आणि ऊन उतरलं तेव्हा गोजरा नुकती राजाच्या कमरपट्ट्यापर्यंत आली होती. पायाची नावं सगळी शिल्लक होती. एडक्याचं मन निवलं. त्यानं एक भाकरी खाल्ली आणि पोटाखालची सर्वांत मऊ लोकर तिला कातरू दिली.

पुढचे दोन दिवस चालून ती तुहिनाक्षाच्या गुहेशी आली. चालताना दुसरी भाकरी संपली. गुहेच्या तोंडातून गरम वारा येत होता. आत आंब्याला मोहोर होता. भर पौषात! आणि छतापर्यंत रचलेला ढीग होता, साऱ्या नगराच्या वाकळा, दुलया, शाली, कानटोप्या. ढिगाला वेटोळं घालून नाग बसला होता.

"यातलं स्वतःचं उचलशील तर ने," नाग म्हणाला. "दुसऱ्याचं उचललंस तर हात लावल्या जागी गोठशील. शाप आहे."

हजारो वस्त्रं, आणि त्यातलं आपलं कुठलं? गोजरानं डोळे मिटले आणि हात ढिगात घातला, कुठंच न थांबता, नुसत्या बोटांच्या टोकांनी चाचपत. तिला आईचा टाका शोधायचा होता. तीन आखूड, एक लांब, पुन्हा तीन आखूड. आई तसाच घालायची आणि दुसरं कुणी घालत नसे. ऊन कलता कलता तो बोटांना लागला, आणि त्याच्या शेजारी तो उंचवटा. तिनं ओढून काढलं. शेवंताच्या जन्माच्या वेळी आईनं शिवलेली दुलई! राणीकडे कामाला जाताना पोरीनं ती बरोबर नेली होती. तिच्यावर आईच्या लग्नातलं जांभळं लुगडं होतं, घट्ट विणीचं, तांबड्या काठाचं. आईच्या हातचं ते तिचंही होतंच; गोजरा गोठली नाही. नागानं वाट दिली.

वाटेत तुहिनाक्ष बसला होता. उघडाबंब, कपाळावर घाम, हातात आंबा.

"चोरा!" गोजरा म्हणाली.

"चोर कसा? त्यांनी हातानं दिलं. सुंदर काहीतरी दे म्हणाले, मी दिलं. ऊब देतं का, हे एकानं तरी विचारलं?" त्यानं कोय चोखली. "आणि तू वर काहीही घाल. माझे शेले जन्माचे उपाशी आहेत. ते पोरीची ऊब मला धाडतात. वर घालशील त्याचीही धाडतील."

गोजराला ती कोय त्याच्याच टाळक्यात घालावीशी वाटली. अख्खं नगर कुडकुडतंय, आणि हा उकडतंय म्हणून उघडा बसलाय! पण परतीचे दोन दिवस धरले तर हातात एकच दिवस उरत होता. ती पळत सुटली.

सहाव्या रात्रीपासून सातव्या सकाळपर्यंत ती शिवत होती. अंगालगत सावरीचा कापूस, पातळ पसरलेला. त्यावर एडक्याची लोकर. वर आईचं लुगडं. कापूस गोळा होऊ नये म्हणून सगळीकडे बारीक शंकरपाळ्यांची शिवण, आणि कमरेशी ती शिवण जवळ जवळ, म्हणजे डगला अंगाला बसेल. गळ्याला आणि बाह्यांना तांबडा काठ, समोर दिसेल असा. उरलेल्या लोकरीचे पायमोजे, उरलेल्या जांभळ्याची कानटोपी, टोपीला तांबडा गोंडा. शिवता शिवता तिच्या मनात एकच होतं, पोर म्हणाली होती, दोन्ही हवंय. शेवटचं तोंड बंद करण्याआधी तिनं तिसऱ्या भाकरीचा उरलेला तुकडा डगल्याच्या छातीशी ठेवला आणि टाका मारला.

राजवाड्याच्या दारात राजशिंपी उभा होता. त्यानं डगला चाचपला आणि नाक मुरडलं.

"हा उंचवटा कसला?"

"भाकरी आहे. आमची रीत आहे ती."

"राजवस्त्रात भाकरी! शी, शी! काढ आधी. अंगाला बसतं हवं, अट आठवते ना? नाहीतर आत सोडणार नाही."

माध्यान्हीला सूर्य वळणार होता. गोजरानं ओठ चावला, टाका उसवला, तुकडा काढून कनवटीला लावला आणि शिवण पुन्हा मिटवली. अहो, आईनं घालून दिलेली रीत, आणि ती कुणासाठी मोडली? त्या नकट्या शिंप्याच्या नाकासाठी! मला आजही राग येतो. पण दारात अडलेल्या माणसाला राग परवडत नाही.

डगला दरबारात उलगडला आणि राणी पुन्हा "अगबाई!" म्हणाली. राजानं हातावर घेतला. हलका होता. प्रधानानं शिवण पाहिली. नीटस होती. त्या जांभळ्या रंगापुढं हिमशेले राखेसारखे दिसू लागले.

"घाल," राजा म्हणाला.

शेवंता आता गळ्यापर्यंत बर्फ झाली होती. गोजरानं तिच्या अंगावर डगला चढवला, कानटोपी घातली, बर्फाच्या पावलांवर मोजे ओढले. क्षणभर शेवंताच्या गालांवर लाली आली. मग आतला शेला लखलखला. डगल्यावर बर्फाची कणी धरली, बाह्या ताठ झाल्या, तांबडा काठ पांढरा पडला. लाली विझली. शेवंताच्या पापण्या मिटेनात.

"देखणं आहे," राजा म्हणाला. "पण उपयोग झाला नाही. बागेत जागा करा."

बागेत जागा करा! बहीण डोळ्यांदेखत जाते आहे, आणि हा बागेत जागा करतो आहे! गोजरानं रागानं पदर कमरेला खोचला, आणि हाताला कनवटीचा तुकडा लागला. तेव्हा तिला मांत्रिकाचं बोलणं आठवलं. जन्माचे उपाशी. उपाशी!

"मांत्रिकानं या शेल्याच्या पोटात काही घातलंच नाही," ती ओरडली. "आणि तुम्ही, एवढे शहाणे, तीन वर्षं अंगावर घेऊन बसलात, तुम्हीही नाही घातलं. मग तो माणसं खाणार नाही तर काय करणार?"

तिनं डगल्याखालून शेल्याची किनार ओढली आणि पदराची सुई काढली. शेला फाडायला आजवर सगळे धावले होते. तलवारी लावल्या, कात्र्या लावल्या. उसवून कुणी पाहिला नव्हता. उसवणं हे शिवणाऱ्याचं काम, आणि नाक मुरडणारा तो एक शिंपी सोडला तर शिवणारे सगळे वेशीबाहेर घालवले होते. गोजरानं किनारीचा एक टाका सुईच्या टोकानं उचलला. तो निमूट सुटला. दुसरा सुटला, तिसरा सुटला.

"भाकरी! हिमशेल्यात भाकरी!" राजशिंपी किंचाळला.

"हो, भाकरी!" गोजरा म्हणाली, तुकडा आत सारला आणि वरून टाका घातला. तीन आखूड, एक लांब.

शेल्यानं सुस्कारा सोडला. दूध पिऊन झालेलं मूल सोडतं तसा, अगदी लहान. त्याची लखलख गेली, तो सायीसारखा मऊ पांढरा झाला, आणि तीन वर्षांत कुणाला न सुटलेली गाठ आपणहून सुटून खाली पडली. डगल्यावरची कणी वितळून पाणी झालं. शेवंताच्या पापण्या मिटल्या, उघडल्या. हातातली चवरी पडली. ती बहिणीच्या खांद्यावर कोसळली, आणि ते अंग गरम होतं.

मग नगरात एकच धांदल उडाली. घरोघरी तवे चढले. राणीनं स्वतः पीठ मळलं, वाईट मळलं, पण मळलं. वेशीबाहेरचे सगळे शिवणारे आत बोलावले, त्यांनी एकेका शेल्याची किनार उसवली आणि एकेकाला घास भरवला. बागेतले सतरा पुतळे एकामागून एक हलले. तो चोपदार वर्षभर अडलेली शिंक असा शिंकला की कारंज्याचा बर्फ फुटला.

तिकडे गुहेत आंब्याचा मोहोर गळून पडला. उघड्या तुहिनाक्षाच्या अंगावर पहिल्यांदा काटा आला, आणि ढिगाभोवतीचा शाप विरला. नाग वेटोळं सोडून बिळात गेला.

राजा डोकं खाली घालून गोजरापुढं आला. बोटं पूर्ववत झाल्यामुळं त्याला चालताना खडे टोचत होते.

"मलाही एक डगला शिव," तो म्हणाला.

"शिवीन," गोजरा म्हणाली. "आधी एक काम. गुहेतला ढीग नगरात आणा. ज्याचं त्याला स्वतःच्या हातानं नेऊन द्या. दारात जाऊन, नाव विचारून. शेवटची कानटोपी पोचली की मापाला या. आणि डोंगरावर एक एडका बसलाय. त्याची भर दरबारात माफी मागायची."

राजानं ते केलं. त्याला पंधरा दिवस लागले आणि एका म्हातारीनं त्याला दारात चांगलं अर्धा तास ऐकवलं. एडका दरबारात आला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. तुहिनाक्ष दात वाजवत वेशीशी आला, तेव्हा गोजरानं एक जुनी वाकळ त्याच्या अंगावर फेकली आणि म्हणाली, "पोटात भाकरी आहे. ती तेवढी खाऊ नकोस." त्याला कापूस पिंजायला बसवला. आजही पिंजतो आहे म्हणे, बसू दे तिथंच.

आणि दोघी बहिणी? त्या पहिल्याच दिवशी वेशीबाहेर आल्या होत्या. शेवंता तळ्यावर गेली, वाकून पाण्यात पाहिलं. जांभळा डगला, तांबडा काठ, गोंड्याची टोपी. बराच वेळ पाहत राहिली. फांदीवर बसलेला खंड्या मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"शेवंते," गोजरा म्हणाली, "त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"आक्का, दोन्ही मिळालं," शेवंता म्हणाली. मग तिनं छातीशी हात नेला, चाचपला, आणि तिचा चेहरा उतरला. "यात भाकरी नाही?"

"नाही. काढायला लावली मेल्यानं. उंचवटा दिसतो म्हणाला."

शेवंतानं तिथल्या तिथं डगला उतरवला, थंडीत कुडकुडत बहिणीच्या हातात दिला, आणि घरात जाऊन टोपलीतली भाकरी घेऊन आली.

"घाल," ती म्हणाली. "मोठा तुकडा घाल. दिसू दे."

गोजरा शिवू लागली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येईना, डोळे भरले होते. दोरा शेवंतानं ओवला.

तेव्हापासून त्या राज्यात डगला शिवतात तो छातीशी उंचवटा ठेवून, आणि ज्याचा उंचवटा ठळक तो ऐटबाज समजतात. त्यांना ऊब मिळाली आणि रूपही मिळालं, तसं ते ऐकणाऱ्यांना आणि सांगणाऱ्याला मिळो. आणि तो कोण बसलाय मागं, उघड्या कानांनी? कान झाक आधी. एवढं सांगितलं ते कुणासाठी?